युनिकर्नल उभारताना : वगळलेल्याचा हिशेब

एखाद्या सर्व्हरवर अहोरात्र एकच काम करणारी लहानशी आज्ञावली चालवावयाची असली, तरी रूढ पद्धतीप्रमाणे तिच्याखाली कोट्यवधी ओळींचे लिनक्स कर्नल, त्यावर शेलपासून पॅकेज मॅनेजरपर्यंतचा सारा सरंजाम आणि त्या सरंजामाची निगराणी करण्यासाठी आणखी काही आज्ञावल्या, एवढा लवाजमा आपण फारसा विचार न करता उभा करतो. आणि मग ज्या वस्तूंचा आपल्या कामाशी काडीचा संबंध नाही, त्यांच्यातील दोषांपायी आठवड्या-आठवड्याला पॅच लावत बसतो. डोमेन-नावांचे पत्ते सांगणे एवढेच ज्याचे कर्तव्य, त्या यंत्राला ध्वनी वाजवता येण्याची, शंभर प्रकारच्या डिस्क ओळखण्याची किंवा अनेक वापरकर्त्यांची खाती सांभाळण्याची गरज नसते. ही विसंगती मुळातच दूर करण्याचा जो मार्ग गेल्या तीस वर्षांत संशोधकांनी घडवला, तो युनिकर्नलचा होय: आपली आज्ञावली आणि तिला प्रत्यक्ष लागणारे ऑपरेटिंग सिस्टिमचे तेवढेच भाग लायब्ररींच्या रूपाने एकत्र जोडावयाचे, त्यांची एकच इमेज बनवावयाची, आणि ती एकाच ॲड्रेस स्पेसमध्ये, मध्ये दुसरे कोणतेही कर्नल न ठेवता, थेट हायपरवायझरवर चालवावयाची. प्रवासाला निघालेला शहाणा मनुष्य घरातील सारा संसार पाठीवर न घेता वळकटी तेवढी बांधतो, तसाच हा व्यवहार आहे.

परंतु या विचाराचा मोह पडलेल्या पुष्कळ अभ्यासकांची एक समजूत होऊन बसते की, वस्तू लहान झाली म्हणजे ती आपोआप सुरक्षित झाली. या समजुतीचे निराकरण व्हावे, आणि जो कोणी असली विशिष्ट कामापुरती, हलकी ऑपरेटिंग सिस्टिम उभारू इच्छितो त्याच्या हाती कामाचा काही क्रम यावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. सारांश प्रथमच सांगून ठेवतो: आपण वगळलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर आक्रमकाची एखादी वाट बंद होते, आणि पुष्कळदा त्याच वस्तूबरोबर आपले एखादे संरक्षणही निघून जाते. पहिल्या गोष्टीचे श्रेय घ्यावयाचे, तर दुसरीचा हिशेबही चुकता करावाच लागतो.

पूर्वपीठिका

ऑपरेटिंग सिस्टिम लायब्ररीच्या रूपात द्यावी ही कल्पना नवी नाही. १९९५ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डॉसन एंगलर, फ्रान्स काशुक आणि जेम्स ओ'टूल यांनी ‘एक्झोकर्नल’ मांडले, आणि त्याच दशकात केंब्रिज विद्यापीठात ‘नेमेसिस’ या प्रणालीवर काम झाले. दोन्ही प्रयत्न बुद्धिमत्तेने कमी नव्हते. अडले ते व्यवहारात. बाजारात येणाऱ्या प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी आणि प्रत्येक डिस्कसाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहिणे संशोधकांच्या छोट्या तुकडीला झेपणारे नव्हते. २००३ साली केंब्रिजमधूनच ‘झेन’ हा हायपरवायझर आला आणि त्याने प्रत्येक व्हर्च्युअल मशीनपुढे तीच ती साधी, न बदलणारी आभासी उपकरणे ठेवली, तेव्हा ही अडचण सरली. कारण मग ड्रायव्हर एकदाच लिहावा आणि तो सर्वत्र चालावा, अशी सोय झाली. याच पायावर अनिल माधवपेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओकॅमल भाषेत ‘मिराज ओएस’ रचले, आणि २०१३ च्या त्यांच्या निबंधाने युनिकर्नल ही संज्ञा रूढ केली. त्यानंतर क्लाउडियस कंपनीचे ‘ओएसव्ही’, नेटबीएसडीच्या ड्रायव्हरांवर उभे राहिलेले ‘रम्परन’, ऑस्लोचे ‘इन्क्लूडओएस’, आखेनचे ‘हर्मिट’ आणि अलीकडचे ‘युनिक्राफ्ट’ असे कितीतरी प्रकल्प निघाले.

उद्दिष्टे आधी कागदावर

प्रोग्राम लिहावयास बसण्यापूर्वी चार गोष्टींची लेखी नोंद करावी, आणि ती करताना कोणतीही गोष्ट ‘ओघानेच आली’ म्हणून गृहीत धरू नये.

पहिली गोष्ट म्हणजे या यंत्राचे काम एका वाक्यात सांगता येते की नाही. ‘अमुक पोर्टवर आलेल्या डीएनएसच्या प्रश्नांना अमुक झोनमधून उत्तर देणे’, हे वाक्य झाले. ‘आमच्या विभागाच्या सर्व सेवा चालवणे’, हे झाले नाही. ज्याचे काम एका वाक्यात मावत नाही, त्याच्यासाठी युनिकर्नल हे साधनच नव्हे, आणि ते आरंभीच कळलेले बरे.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला नेमका कोणता लाभ हवा. या क्षेत्रातील आकडे मन वेधून घेणारे आहेत: २०१४ मध्ये ‘क्लिकओएस’ची यंत्रे सुमारे ५ एमबी मेमरीत बसून ३० मिलिसेकंदांच्या आसपास सुरू होत, २०२१ मध्ये युनिक्राफ्टच्या कर्त्यांनी एन्जिनएक्स, रेडिस यांसारख्या परिचित आज्ञावल्या साधारण एक एमबीच्या इमेजमध्ये आणि १० एमबीहून कमी मेमरीत चालवून दाखवल्या, आणि व्हर्च्युअल मशीन उभे करण्याचा वेळ सोडला तर त्या सुमारे एका मिलिसेकंदात सुरू होत. पण जी सेवा वर्षातून दोनदा बंद करून सुरू करावयाची, तिला त्या मिलिसेकंदाचा उपयोग काय? उलट, मागणी येताच यंत्र उभे करावे आणि काम संपताच मोडावे, अशी ज्याची रचना असेल त्याला तोच आकडा सर्वस्व आहे. वेग, मेमरीची काटकसर, जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालणे आणि सुरक्षितता ही चार उद्दिष्टे परस्परांशी भांडतात. तेव्हा त्यांचा अग्रक्रम ठरवून तो कागदावर लिहिला पाहिजे, नाहीतर प्रत्येक वादाच्या प्रसंगी, ज्याचे मोजमाप सर्वांत सोपे ते उद्दिष्ट, म्हणजे बहुधा वेग, जिंकते.

तिसरी गोष्ट शत्रूची. नेटवर्कवरून वेडीवाकडी पाकिटे पाठवणारा परका, त्याच यजमान यंत्रावर भाड्याने राहणारा शेजारी, आणि खुद्द त्या यजमान यंत्राचा चालक, हे तीन निरनिराळे शत्रू आहेत. पहिल्याविरुद्ध युनिकर्नलची बांधणी कामास येते. दुसऱ्याविरुद्ध हायपरवायझरवर विसंबावे लागते. आणि तिसऱ्याविरुद्ध युनिकर्नल स्वतः होऊन काहीच करू शकत नाही, कारण ज्याच्या हाती हायपरवायझर त्याला आपली सारी मेमरी वाचता येते. ज्या शत्रूचा बंदोबस्त आपण करीत नाही त्याचे नावही नोंदीत असावे, म्हणजे पुढे कोणाची दिशाभूल होत नाही.

चौथी गोष्ट मार्गाच्या निवडीची. एक मार्ग सर्व काही नव्याने, एका भाषेत लिहिण्याचा आहे. मिराज ओएस त्या वाटेने गेले. दुसरा मार्ग पॉसिक्सच्या रूढ संकेतांना मान देऊन जुन्या आज्ञावल्या आत घेण्याचा आहे. ओएसव्ही, रम्परन, युनिक्राफ्ट त्या वाटेने गेले. पहिल्यात श्रम अधिक आणि उरलेली वस्तू स्वच्छ. दुसऱ्यात सोय अधिक, पण जुन्या आज्ञावलीबरोबर तिचे जुने दोषही आत येतात. शिवाय प्रत्येक आज्ञावली आत येऊ शकतेच असे नाही. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी नवी प्रोसेस जन्माला घालते, आणि जेथे एकच ॲड्रेस स्पेस तेथे ही पद्धत मुळातच बसत नाही. तिला बळेच बसवू पाहणाऱ्याचे श्रम वाया जातात.

या टप्प्यावर आणखी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा: केवळ लिनक्सच काटछाट करून वापरले तर भागणार नाही काय? २०२० मध्ये ‘ल्यूपिन’ या नावाने झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, लिनक्सच्या बांधणीतील पर्याय काळजीपूर्वक निवडले तर सुमारे ४ एमबीची इमेज तयार होते आणि ती २३ मिलिसेकंदांच्या आसपास सुरू होते. इतकेच नव्हे, तर डॉकर हबवरील सर्वाधिक लोकप्रिय वीस आज्ञावल्यांसाठी त्या मूळ गाभ्यात मिळून फक्त १९ पर्यायांची भर घालावी लागली. ज्याचे समाधान एवढ्यावर होते त्याने नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचा खटाटोप करू नये. ज्याचे होत नाही, त्याने पुढे वाचावे.

दोन रकान्यांची वही

आता मुख्य कामाकडे वळू. एक वही घ्यावी आणि तिच्या पानावर दोन रकाने पाडावेत. आपण ऑपरेटिंग सिस्टिममधून जी जी वस्तू काढतो तिचे नाव समासात लिहावे. पहिल्या रकान्यात त्या वस्तूबरोबर कोणता हल्ला अशक्य झाला ते, आणि दुसऱ्यात कोणते संरक्षण गेले व त्याच्या बदली आपण कोणती तजवीज केली ते. दुसरा रकाना कोरा राहिला, तर ती वस्तू काढण्याचा निर्णय अद्याप अपुरा आहे असे समजावे.

शेलचे उदाहरण घ्या. पारंपरिक सर्व्हरमध्ये शिरलेला चोर बहुधा प्रथम शेल मिळवतो आणि त्याच्या आधारे आपली हत्यारे उतरवून घेतो. युनिकर्नलमध्ये शेल नाही आणि दुसरी आज्ञावली सुरू करण्याची सोयही नाही, म्हणून तयार हत्यारांचा बराचसा साठा निकामी होतो. हा लाभ खरा आहे. पण एवढ्यावरून हल्लाच अशक्य झाला असे मानणे हा आत्मघात ठरेल. कारण चोराला शेल हवे असते ते काही शेलसाठी नव्हे, तर गुपितांसाठी आणि नेटवर्कसाठी, आणि युनिकर्नलमध्ये ती दोन्ही, त्याने ज्या मेमरीत पाय ठेवला त्याच मेमरीत, त्याच्या हाताशी असतात. इमेजमध्ये आधीपासून असलेल्या संकेताचे (कोडचे) तुकडे हव्या त्या क्रमाने जोडून तो आपलेच टीसीपी राबवून आपलीच किल्ली बाहेर पाठवू शकतो.

वापरकर्ता आणि कर्नल यांच्यामधील सरहद्द काढली म्हणजे सिस्टिम कॉलच्या जागी साधे फंक्शन कॉल येतात आणि वेग वाढतो. पण दुसऱ्या रकान्यात असे लिहावे लागते की, पाकीट उकलणाऱ्या क्षुल्लक भागातील चूकही आता त्या आभासी यंत्राच्या सर्वोच्च अधिकारपातळीवर घडते. तेथे पोचलेल्या आक्रमकाला पेज टेबले बदलता येतात, आणि पेज टेबले बदलता आली म्हणजे ‘लिहिता येईल ते चालवता येणार नाही’ हा नियमही त्याला रद्द करता येतो. यावर मिराज ओएसच्या २०१३ च्या निबंधात सुचवलेला उपाय अजूनही मननीय आहे: सुरुवातीची मांडणी पूर्ण होताच युनिकर्नलने हायपरवायझरला सांगून आपली पेज टेबले मोहोरबंद करून घ्यावीत, म्हणजे पुढे खुद्द युनिकर्नललाही ती बदलता येऊ नयेत. ज्याच्या हायपरवायझरमध्ये अशी सोय नसेल, त्याने इंटेलच्या प्रोसेसरांतील मेमरी-किल्ल्यांच्या साहाय्याने आतील भाग परस्परांपासून वेगळे करण्याचे जे प्रयोग झाले आहेत, त्यांचा अभ्यास करावा.

तिसरी नोंद प्रोसेसची. ओपनएसएसएच ही सेवा २००२ पासून अधिकारांची विभागणी करते: परक्याशी बोलणारी प्रोसेस निराळी आणि अधिकार धारण करणारी निराळी. एकाच ॲड्रेस स्पेसच्या घरात ही विभागणी राहत नाही. तिची भरपाई करण्याचा सरळ मार्ग असा की, विभागणी युनिकर्नलच्या आत न करता दोन युनिकर्नलांमध्ये करावी. परक्या पाकिटांचा अर्थ लावणारे यंत्र निराळे, किल्ली बाळगून फक्त सह्या करून देणारे यंत्र निराळे, आणि दोहोंच्या मध्ये अगदी अरुंद, नेमक्या संदेशांची वाट. नायट्रोकी कंपनीच्या ‘नेटएचएसएम’ या किल्ल्या सांभाळणाऱ्या उपकरणात हाच विचार दिसतो: त्याचा गाभा मिराज ओएसचे युनिकर्नल आहे, आणि निरनिराळ्या भागांना वेगळे ठेवण्याचे काम ‘म्यूएन’ हे स्वतंत्र विभाजक कर्नल करते.

हा दुसरा रकाना कोरा ठेवण्याचा परिणाम काय होतो ते २०१९ मध्ये उघड झाले. एनसीसी ग्रूप या सुरक्षा-परीक्षक संस्थेने रम्परन आणि इन्क्लूडओएस यांची कसून तपासणी केली, तेव्हा पत्त्यांची यादृच्छिक मांडणी, स्टॅकचे पहारेकरी मूल्य, लिहिता येणारी मेमरी चालवू न देण्याचा नियम, हीपची अखंडता तपासणे, अशी जी संरक्षणे साध्या लिनक्समध्ये वर्षानुवर्षे गृहीत धरली जातात, ती तेथे एकतर नव्हतीच किंवा गंभीररीत्या सदोष होती. कोणीही ती मुद्दाम काढून टाकली नव्हती. हलकेपणाच्या मागे लागताना ती वाटेत राहून गेली होती.

म्हणून कोणत्याही तयार प्रकल्पावर विसंबण्यापूर्वी पुढील कसोट्या स्वतःच्या हाताने लावाव्यात. प्रत्येकीसाठी पाच-दहा ओळींची, मुद्दाम गुन्हा करणारी आज्ञावली पुरते. एक आज्ञावली स्वतःच्याच एखाद्या फंक्शनच्या पत्त्यावर लिहू पाहील; दुसरी एका ॲरेमध्ये प्रोसेसरच्या आज्ञा भरून त्या ॲरेत उडी घेईल; तिसरी शून्य पत्त्यावरून वाचील; चौथी स्वतःला अंतहीन बोलावून स्टॅक संपवील; पाचवी फंक्शनातील छोट्या ॲरेत तिच्या मापाहून अधिक भरील; आणि सहावी आपल्या एका फंक्शनचा, स्टॅकचा आणि हीपचा पत्ता छापील. पहिल्या पाचही आज्ञावल्या जागच्या जागी, कारणासह नोंद करून मेल्या पाहिजेत. सहावीने प्रत्येक आरंभाला निराळे आकडे दिले पाहिजेत. शून्य पत्त्यावरून काहीतरी मूल्य वाचून तिसरी आज्ञावली निवांत पुढे चालली, तर त्या एका निरीक्षणावरून त्या प्रकल्पाच्या कर्त्यांनी मेमरीचा किती विचार केला आहे ते कळून येते. या कसोट्या एकदाच लावून थांबू नये. इमेजच्या प्रत्येक नव्या बांधणीबरोबर त्या आपोआप चालाव्यात अशी व्यवस्था करावी.

भाषेची निवड

ज्या घरात आतल्या भिंतीच नाहीत, तेथे कोणत्या भाषेत लिहिले आहे या प्रश्नाला दुप्पट वजन येते. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालेला ‘हार्टब्लीड’ हा ओपनएसएसएल या टीएलएसच्या (सुरक्षित जोडणीच्या) लायब्ररीतील दोष आठवावा. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक बाजू दुसरीला थोडा मजकूर पाठवते आणि तोच परत मागते. त्या मजकुराची लांबी पाठवणारा स्वतः सांगतो. ओपनएसएसएलने ती लांबी पडताळली नाही, म्हणून एक अक्षर पाठवून ‘हा चौसष्ट हजार अक्षरांचा मजकूर आहे’ असे सांगणाऱ्याला सर्व्हरच्या मेमरीतील तितका मजकूर परत मिळे, आणि त्यात खाजगी किल्ल्याही असू शकत. आता विचार करा, हेच ओपनएसएसएल एखाद्या एक एमबीच्या युनिकर्नलमध्ये जोडले असते तर काय बदलले असते? शेल नव्हते, खाती नव्हती, फालतू ड्रायव्हर नव्हते, आणि तरीही किल्ली तितक्याच सहजतेने बाहेर गेली असती.

याउलट जे प्रयत्न भाषेपासून आरंभ करतात त्यांचे फळ निराळे असते. हान्नेस मेहनर्ट आणि डेव्हिड कालोपर यांनी टीएलएस ओकॅमलमध्ये नव्याने लिहिले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याची जाहीर परीक्षा मांडली: एका मिराज युनिकर्नलमध्ये १० बिटकॉइनची खाजगी किल्ली ठेवली, त्याचा सारा संकेत सर्वांसाठी खुला केला, आणि जो कोणी योग्य प्रमाणपत्राशिवाय त्या यंत्राशी टीएलएसची जोडणी जुळवून दाखवील त्याला किल्ली मिळेल असे घोषित केले. इतकेच नव्हे, तर ते यंत्र स्वतःशीच जोडणी करी आणि ती आक्रमकाच्या हातातून जाऊ देई, म्हणजे मधल्या मध्ये ढवळाढवळ करण्याची संधीही खुली ठेवली होती. मार्च २०१८ मध्ये परीक्षा संपली तोवर ती किल्ली कोणाच्याही हाती लागली नव्हती. लिनक्स व ओपनएसएसएल यांच्या तशाच मांडणीच्या मानाने त्या यंत्राच्या विश्वसनीय संकेताचा आकार सुमारे ४ टक्के होता. असली परीक्षा हा काही निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. परंतु लहान आकार आणि मेमरीची शिस्त पाळणारी भाषा यांचा संयोग किती टिकाऊ असतो याची ती मोलाची साक्ष आहे.

तरीही भाषेवर आंधळा विश्वास ठेवू नये. मिराज ओएसची पहिली सुरक्षा-सूचना २०१६ मध्ये निघाली ती झेनसाठीच्या नेटवर्क ड्रायव्हरबद्दल होती, आणि त्यातून मेमरीतील मजकूर बाहेर जाऊ शकत होता. जेथे सुरक्षित भाषा संपते आणि हायपरवायझरशी वाटून घेतलेली कच्ची मेमरी सुरू होते, तो सांधा प्रत्येक युनिकर्नलमध्ये असतोच. ओकॅमल, रस्ट किंवा अन्य कोणत्याही भाषेत लिहिणाऱ्याने या सांध्याच्या फाइलींची स्वतंत्र यादी ठेवावी, आणि त्या यादीतील प्रत्येक बदल दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत घेऊ नये.

हायपरवायझरच्या हद्दीचा बंदोबस्त

आतील सरहद्द काढून टाकल्यावर सारी भिस्त बाहेरच्या हद्दीवर येते, म्हणून ती हद्दही तपासून घेतली पाहिजे. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ या नावाने उघड झालेला दोष यंत्र-अनुकरण करणाऱ्या क्यूईएमयूच्या आभासी फ्लॉपी-नियंत्रकात होता. २००४ पासून तो तेथे होता, आणि फ्लॉपी बंद करून ठेवलेल्या यंत्रांतूनही तिथवर पोचता येत असे. ज्या काळात फ्लॉपी कोणी वापरीत नव्हते त्या काळात तिच्या सोयीतून अतिथी यंत्राला यजमानावर ताबा मिळवण्याची वाट निघावी, यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे: आपले युनिकर्नल एक एमबीचे असून त्याच्याखालील यंत्र-अनुकरण अवाढव्य असेल, तर आपण काटकसर फक्त वरच्या मजल्यावर केली.

हा धडा घेऊन घडलेली साधने आज उपलब्ध आहेत. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुले केलेले, रस्टमध्ये लिहिलेले ‘फायरक्रॅकर’ नेटवर्क, डिस्क, यजमानाशी बोलण्याचे सॉकेट आणि सिरियल कन्सोल, अशी मोजकीच उपकरणे पुढे ठेवते. कीबोर्डचा नियंत्रक आहे तोही केवळ यंत्र बंद करण्यापुरता. आयबीएमच्या संशोधनातून निघालेले ‘सोलो५’ याहूनही पुढे जाते: युनिकर्नलने आपल्या जाहीरनाम्यात जी उपकरणे मागितली असतील तेवढीच त्याला जोडली जातात. त्याचाच एक प्रकार युनिकर्नलला लिनक्सची साधी प्रोसेस म्हणून, सेककॉम्पच्या बंधनाखाली, मोजक्याच सिस्टिम कॉलांची मुभा देऊन चालवतो. हार्डवेअरच्या आभासीकरणाची सोय जेथे नाही, तेथे हा पर्याय उपयुक्त पडतो. कोणतेही साधन निवडा. मात्र आपल्या वहीत त्याच्या प्रत्येक उपकरणापुढे ‘हे कोणासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर लिहा.

यादृच्छिक आकडे, घड्याळ आणि गुपिते

या तीन गोष्टी नवशिक्याच्या ध्यानात उशिरा येतात, आणि उशीर येथे महाग पडतो.

नुकत्याच जन्मलेल्या युनिकर्नलजवळ अनिश्चिततेचे भांडवल फारसे नसते: त्याला कीबोर्ड नाही, माउस नाही, बहुधा डिस्क नाही, आणि सुरू होऊन काही मिलिसेकंदच झालेले असतात. अशा स्थितीत किल्ल्या घडवण्याचा परिणाम २०१२ च्या एका व्यापक पाहणीत दिसून आला. इंटरनेटवरील टीएलएस यंत्रांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या आरएसए खाजगी किल्ल्या संशोधकांना काढता आल्या, आणि मुख्य कारण हेच की छोट्या उपकरणांनी पुरेशी अनिश्चितता जमण्यापूर्वीच त्या घडवल्या होत्या. तेव्हा प्रोसेसरची यादृच्छिक आज्ञा, हायपरवायझरचे यादृच्छिक उपकरण आणि व्यत्ययांच्या वेळांतील सूक्ष्म फरक, यांपैकी किमान दोन स्रोत एकत्र करावेत. आणि पुरेसे बीज मिळेपर्यंत टीएलएसची पहिली जोडणीही स्वीकारू नये, असा सक्त नियम संकेतातच लिहावा. जे यंत्राचे चित्र गोठवून त्याच्या अनेक प्रती उठवतात, त्यांनी प्रत्येक प्रतीला जागी होताच नवे बीज देण्याची तजवीज करावी, नाहीतर सर्व प्रती तेच ‘यादृच्छिक’ आकडे बोलू लागतात.

घड्याळाचेही तसेच. प्रमाणपत्राची मुदत संपली की नाही हे ठरते ते तारखेवरून, आणि ती तारीख युनिकर्नलला यजमान सांगतो. यंत्र काही काळ गोठवून पुन्हा जागे केल्यास त्याचे घड्याळ मागे राहिले आहे काय, हे तपासणारी एक चाचणी आपल्या संचात अवश्य असावी.

गुपिते इमेजमध्ये कधीही बांधू नयेत. इमेज ही साठवली जाते, तिच्या प्रती निघतात, ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते. आणि जेथे जेथे ती जाते तेथे तिच्यातील किल्लीही जाते. आरंभीच्या आज्ञेत किल्ली लिहिणेही तितकेच घातक, कारण यजमानावरील प्रोसेसच्या यादीत ती आज्ञा अक्षरशः वाचता येते. किल्लीसाठी स्वतंत्र, छोटे, केवळ वाचता येणारे आभासी डिस्क-उपकरण द्यावे, आणि ते कोणी, केव्हा, कोणत्या यंत्राला जोडले याची नोंद यजमानाच्या दफ्तरी ठेवावी.

चालू कारभार

जानेवारी २०१६ मध्ये जॉयंट कंपनीच्या ब्रायन कँट्रिल यांनी युनिकर्नल प्रत्यक्ष कारभारास अयोग्य असल्याचे ठासून मांडले. त्यांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, चालू यंत्रात बिघाड झाला तर आत शिरून पाहण्याचे एकही साधन उरत नाही. या आक्षेपाला रागाने उत्तर देण्यापेक्षा तो आपल्या दुसऱ्या रकान्यात लिहून घेणे हिताचे आहे. त्याची भरपाई बाहेरून करता येते: हायपरवायझरच्या द्वारे डीबगर जोडता येतो, मेलेल्या यंत्राच्या मेमरीची पूर्ण प्रत काढून निवांत तपासता येते, आणि सोलो५ मध्ये या दोन्ही सोयी आहेत. मात्र ही साधने संकटाच्या रात्री जुळवता येत नाहीत. आधी जुळवून, एकदा मुद्दाम यंत्र पाडून, तालीम करून ठेवावी लागतात. लॉग सिरियल कन्सोलवर आणि नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे, असे दोन्हीकडे जावेत, म्हणजे मरणाऱ्या यंत्राचे अखेरचे शब्द कोठेतरी शिल्लक राहतात.

राहता राहिला पॅचचा प्रश्न. युनिकर्नलमध्ये पॅकेज मॅनेजर नाही, म्हणून ‘अपग्रेड’ची आज्ञाही नाही, एखाद्या लायब्ररीत दोष निघाला की संपूर्ण इमेज नव्याने बांधावी लागते. यासाठी प्रत्येक इमेजबरोबर तिच्यात गेलेल्या लायब्ररींची, त्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची आणि कंपायलरच्या आवृत्तीची यादी जतन करावी. तीच सामग्री पुन्हा वापरली असता बाइट-न्-बाइट तीच इमेज निघावी, असा आग्रह धरावा. बर्लिनच्या ‘रॉबर’ या सहकारी गटाने मिराजच्या इमेजी अशा पद्धतीने बांधून प्रसिद्ध करण्याची शिस्त घालून दिली आहे. सुरक्षा-सूचना आल्यापासून नवी इमेज सेवेत रुजू होईपर्यंत किती वेळ लागतो ते एकदा तालमीत मोजावे. ‘बिघडले तर पुन्हा सुरू करू’ या भरवशावर राहणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, यंत्र पुन्हा सुरू केल्याने आत शिरलेला चोर बाहेर पडतो, पण ज्या खिडकीतून तो आला ती उघडीच राहते.

ज्याला हा सारा क्रम हाताने करून पाहावयाचा असेल, त्याने पहिल्या अभ्यासासाठी फायरवॉल किंवा डीएनएस सर्व्हर निवडावा. कारण त्यांचे काम एका वाक्यात मावते, त्यांना डिस्कची गरज नगण्य असते, आणि त्यांचे वागणे नियमबद्ध असल्याने चुकले कोठे ते लवकर कळते. क्यूब्स या सुरक्षाप्रधान प्रणालीत लिनक्सच्या फायरवॉल-यंत्राऐवजी बसवता येईल असे मिराज ओएसचे फायरवॉल थॉमस लेनर्ड यांनी लिहिले आहे. त्याचा संकेत खुला आहे, एका विद्यार्थ्याला काही दिवसांत वाचून होण्यासारखा आहे, आणि तो वाचताना वर सांगितलेल्या वहीची पहिली दोन-तीन पाने सहज भरतील.

शेवटी निर्णयाची कसोटी एकच ठेवावी. आपल्या इमेजमध्ये जे जे उरले आहे ते का उरले, आणि जे जे गेले त्याची जागा कोणी घेतली, या दोन प्रश्नांची उत्तरे वहीतून वाचून दाखवता येत असतील, तर ते यंत्र निःशंकपणे सेवेत रुजू करावे. उत्तरे देता येत नसतील, तर इमेज एक एमबीची असो वा अर्ध्या एमबीची, तिला जगापुढे उभे करण्याचा अधिकार आपल्याला अजून प्राप्त झालेला नाही; आणि तो प्राप्त होईपर्यंत थांबण्याचे धैर्य दाखवणे हे या कामातील पहिले कर्तव्य आहे.